जुन्या डॉस कॉम्प्युटरला दुसरी हार्ड डिस्क जोडताना

बऱ्याच वर्षांनी जुना ४८६ पीसी सुरू केला, काळ्या पडद्यावर डॉसचा प्रॉम्प्ट आला, मन भरून आलं. मग 'डिर' कमांड दिली आणि शेवटच्या ओळीत दिसलं, की डिस्कवर जेमतेम सहा एमबी जागा शिल्लक आहे. अशा वेळी काहीतरी पुसून जागा करावीशी वाटते. कृपा करून तसं करू नका. त्या डिस्कवर काय काय आहे हे आज तुम्हाला नीट आठवत नसेल, आणि पुसलेलं परत आणणं फार अवघड आहे. त्यापेक्षा दुसरी डिस्क जोडा.

पहिल्यांदा हे काम करणाऱ्याला भीती वाटते ती कॅबिनेट उघडण्याची, केबल आणि स्क्रूची. ते काम तासाभरात होतं आणि त्यात चुकलं तर बहुतेक वेळा दुरुस्तही होतं. जपायचं आहे ते आधीपासून आत असलेल्या डिस्कला. नवी डिस्क बिघडली तर दुसरी शोधता येईल, जुनीवरचा डेटा मात्र जगात एकाच जागी आहे. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या, पहिल्या डिस्कला धक्का लागणार नाही अशा क्रमाने सांगतो आहे. क्रम बदलू नका.

आधी मशीन ओळखा

हा लेख आयडीई (डिस्क मशीनला जोडण्याची एक पद्धत) डिस्क असलेल्या, डॉसवर चालणाऱ्या पीसीसाठी आहे. २८६ पासून सुरुवातीच्या पेंटियमपर्यंतची बहुतेक मशीनं यात येतात. आयडीई डिस्का १९८६ च्या सुमारास आल्या आणि पुढच्या काही वर्षांत घरोघरच्या कॉम्प्युटरमध्ये त्याच दिसू लागल्या. ओळखायची खूण सोपी: डिस्कला एकच रुंद, चपटी, ४० पिनांची डेटा केबल लागते. तुमच्या डिस्कला दोन चपट्या केबल असतील, एक ३४ पिनांची आणि दुसरी २० पिनांची, तर ती त्याआधीच्या एमएफएम किंवा आरएलएल पद्धतीची आहे. ५० पिनांची केबल असेल तर स्कझी, म्हणजे आणखी निराळी पद्धत. त्या दोन्हींचं शास्त्र वेगळं आहे, इथल्या सूचना तिथे लावू नका.

आयडीईच्या एका केबलवर दोनच उपकरणं बसतात. त्याच केबलवर आधीच सीडी ड्राइव्ह असेल तर दुसऱ्या डिस्कसाठी जागा उरलेली नाही. १९९४ नंतरच्या बऱ्याच मदरबोर्डवर आयडीईचे दोन कनेक्टर असतात, मग सीडी ड्राइव्ह दुसऱ्या केबलवर हलवता येतो.

पेचकस हातात घेण्यापूर्वी

पहिली डिस्क चालते आहे तोवरच तिच्यावरचं महत्त्वाचं काढून घ्या. फ्लॉपीवर घ्या, नाहीतर सिरियल किंवा पॅरलल केबलने दुसऱ्या मशीनवर न्या. डॉस ६ मध्ये त्यासाठी 'इंटरलिंक' हा प्रोग्राम आहेच. संध्याकाळ यात गेली तरी चालेल.

मग सिस्टीम फ्लॉपी तयार करा. 'फॉरमॅट ए:' पुढे '/एस' लावलं की फ्लॉपीवरून डॉस सुरू होतं. तिच्यावर एफडिस्क (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशनं, पाडणारा), फॉरमॅट आणि सिस (डॉसच्या मूळ फाइली डिस्कवर घालणारा) हे प्रोग्राम कॉपी करा. डॉस ६.२ किंवा त्यापुढचं असेल तर डिस्क तपासणारा स्कॅनडिस्कही घ्या. फ्लॉपी खरोखर बूट होते का ते आत्ताच बघा. जुन्या फ्लॉप्या नेमक्या गरजेच्या वेळी नांगी टाकतात.

याच वेळी एक परीक्षा करून घ्या. फ्लॉपीवरून बूट केल्यावर सी ड्राइव्हवरच्या फाइली दिसतात का? दिसत असतील तर छान. दिसत नसतील, तर पहिल्या डिस्कवर ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर किंवा ईझी-ड्राइव्हसारखा प्रोग्राम बसवलेला असण्याची दाट शक्यता आहे. बायोसला (मशीन सुरू होताना डिस्क ओळखणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला) डिस्कचा पूर्ण आकार कळत नसे तेव्हा हे प्रोग्राम डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये बसून मध्यस्थी करत. अशा डिस्कवर एफडिस्क अजिबात चालवू नका. आणि 'एफडिस्क /एमबीआर' ही कमांड कुणी सुचवली तर ऐकू नका, कारण ती तो मध्यस्थच पुसते आणि त्यासोबत सगळी पार्टिशनं दिसेनाशी होतात.

आता बायोस सेटअपमध्ये जा. बहुतेक मशीनवर सुरू होताना डिलीट दाबलं की सेटअप उघडतो. पहिल्या डिस्कपुढे जे आकडे आहेत ते कागदावर लिहून घ्या: टाइप, सिलिंडर, हेड, सेक्टर (ही तीन डिस्कवरची जागा मोजायची मापं), आणि नॉर्मल, लार्ज किंवा एलबीए असा मोड असेल तर तोही. फोटो काढलात तरी कागदावर लिहाच. मदरबोर्डची बॅटरी म्हातारी झालेली असते. मशीन उघडताना ती दगावली, तर हे आकडे विसरले जातात आणि चांगली चालणारी डिस्क एकाएकी 'सापडत नाही'.

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. ३८६ आणि ४८६ च्या अनेक बोर्डांवर बोटाच्या पेराएवढी, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनाची निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डावरच डाखलेली असते. ती कालांतराने गळते आणि तिच्यातला अल्कलीचा द्राव तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. कॅबिनेट उघडल्यावर सगळ्यात आधी तिथे बघा. पांढरट-हिरवी पूड दिसली तर डिस्कचं काम बाजूला ठेवा. बॅटरी काढा, डाग पातळ व्हिनेगरने पुसा, मग स्वच्छ पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. दुसरी डिस्क महिनाभर थांबू शकते, बोर्ड थांबणार नाही.

कोणती डिस्क घ्यायची

मोठी डिस्क चांगली, हा नेहमीचा हिशेब इथे चालत नाही. जुन्या बायोसची डिस्क मोजण्याची ताकद ठरलेली असते. साधारण १९९४ च्या आधीचा बायोस जास्तीत जास्त १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर मोजतो. यांचा गुणाकार करून ५१२ ने गुणा, कारण एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. उत्तर येतं ५२,८४,८२,३०४ बाइट. हीच ती ५०४ एमबीची प्रसिद्ध भिंत. डिस्कच्या लेबलवर कंपन्या दहा लाखाचा एमबी धरतात म्हणून तिथे तीच मर्यादा ५२८ एमबी अशी दिसते. पुढच्या काळातल्या बायोसमध्ये भिंती सरकल्या: काहींमध्ये २ जीबीच्या आसपास, मग ८.४ जीबी, मग ३२ जीबी. भिंतीपेक्षा मोठी डिस्क लावली की कधी नुसता कमी आकार दिसतो, कधी मशीन सुरू होतानाच अडकून पडतं.

डॉसच्या स्वतःच्याही मर्यादा आहेत. डॉस ३.३ मध्ये एक पार्टिशन ३२ एमबीपेक्षा मोठं होत नाही. डॉस ५ आणि ६ मध्ये ते २ जीबीपर्यंत जातं. पण २ जीबीचं पार्टिशन केलं की फाइलला जागा ३२ केबीच्या तुकड्यांनी मिळते, म्हणजे दोन ओळींची बॅच फाइलसुद्धा ३२ केबी अडवते. ५०० एमबीच्या पार्टिशनमध्ये हाच तुकडा ८ केबीचा असतो. छोट्या छोट्या फाइली भरपूर असतील तर फरक लगेच जाणवतो.

माझं मत विचाराल तर ४८६ साठी ५०० एमबीच्या आतली डिस्क घ्या. ती कोणत्याही बायोसला झेपते, आणि डॉसच्या जगात ५०० एमबी म्हणजे मोठा वाडा आहे.

जुनी फिरती डिस्क मिळत नसेल, किंवा मिळालेलीवर भरवसा नसेल, तर कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड हा उत्तम पर्याय आहे. हे कार्ड आतून आयडीईचीच भाषा बोलतं, त्यामुळे साधा, स्वस्त अ‍ॅडॉप्टर पुरतो. त्यावरही मास्टर-स्लेव्हचा जंपर असतो. एक अडचण मात्र आहे: काही कार्डं जुन्या फिरत्या डिस्कसोबत एकाच केबलवर नांदत नाहीत. दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं हाताशी ठेवून बघावी लागतात. मशीनमध्ये आयडीईचा दुसरा कनेक्टर असेल तर कार्ड तिकडे लावा, भांडणच मिटतं.

वापरलेली फिरती डिस्क घेताना ती हातात घेऊन हलकेच, सपाट धरून अर्धा वळसा फिरवा. आत काही खुळखुळलं तर ती नको. वीज दिल्यावर मोटर एका सुरात वर चढत गेली आणि शेवटी टक-टक असे दोन-चार हलके आवाज येऊन शांत झाली, तर हेड जागेवर आलं. ठरावीक अंतराने तोच 'टक' पुन्हा पुन्हा येत राहिला, तर हेडला वाट सापडत नाही. अशा डिस्कवर वेळ घालवू नका.

जंपर: सगळ्यात लहान, सगळ्यात महत्त्वाचा

एका केबलवर दोन डिस्का असल्या की एक मास्टर आणि दुसरी स्लेव्ह असं ठरवावं लागतं. दोन्ही मास्टर किंवा दोन्ही स्लेव्ह झाल्या की एकही दिसत नाही. हे ठरतं जंपरवर. डिस्कच्या मागच्या बाजूला, डेटा कनेक्टर आणि वीज कनेक्टर यांच्या मध्ये, नाहीतर खालच्या सर्किट बोर्डावर, पिनांच्या दोन-तीन जोड्या उभ्या असतात. त्यातल्या एका जोडीवर तांदळाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी असते. तिच्या आत धातूची पट्टी आहे, ती दोन पिना जोडते. बोटांनी ओढू नका, टोकदार चिमट्याने सरळ वर उचला. खाली पडली तर गालिच्यात सापडत नाही, म्हणून खाली पांढरं कापड पसरून काम करा.

कोणती जोडी कशासाठी, हे बहुतेक डिस्कच्या लेबलवर छापलेलं असतं. नसेल तर मॉडेल क्रमांकावरून शोधावं लागतं. अंदाजाने जंपर हलवू नका, कारण प्रत्येक कंपनीची रीत निराळी. कॉनरच्या अनेक डिस्कांवर 'सी/डी' असा एक जंपर असतो: लावला की मास्टर, काढला की स्लेव्ह. काही डिस्कांवर 'एसपी' अशी अक्षरं दिसतात, तो जंपर मास्टर डिस्कला सांगतो की केबलवर स्लेव्हही आहे.

नवखे लोक इथेच अडखळतात, म्हणून हे नीट वाचा. पहिली डिस्क आजवर एकटीच होती. काही कंपन्यांच्या डिस्कांमध्ये 'एकटी' आणि 'स्लेव्हसोबत मास्टर' या दोन वेगळ्या अवस्था आहेत. वेस्टर्न डिजिटलची कॅव्हिअर मालिका हे त्याचं ठळक उदाहरण. अशी डिस्क आत असेल तर नव्या डिस्कबरोबर जुनीचाही जंपर बदलावा लागतो. तो बदलला नाही, तर नवी डिस्क बिचारी सगळं बरोबर असूनही दिसत नाही आणि आपण तिलाच दोष देत बसतो. जुना जंपर कुठे होता ते हलवण्यापूर्वी चित्र काढून ठेवा. उद्या सगळं पूर्ववत करायचं झालं तर तेच चित्र कामाला येईल.

'सीएस' म्हणजे केबल सिलेक्ट, ती जोडी वापरू नका. त्यासाठी खास केबल लागते आणि जुन्या मशीनमधली साधी ४० तारांची केबल तशी नसते. साध्या केबलवर कोणता कनेक्टर कोणत्या डिस्कला लावला याने मास्टर-स्लेव्ह बदलत नाही, जंपर सांगेल तेच खरं.

बसवणं

वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. जुन्या एटी कॅबिनेटमध्ये समोरच्या बटणापर्यंत थेट घरातली वीज आलेली असते, जाड वायरीतून. त्या वायरींवरचं आवरण सुकून फाटलेलं असू शकतं. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा आणि काम चालू असेपर्यंत अधूनमधून तसा हात लावत राहा.

डिस्क कॅबिनेटच्या खाचेत सरकवा आणि चारही स्क्रू आधी सैल लावून मग आवळा. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, फ्लॉपी आणि सीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे. दिसायला सारखे, पण एक दुसऱ्यात जबरदस्तीने फिरवला की आटे गेले. स्क्रू लांब असेल तर आतल्या सर्किट बोर्डाला भिडतो, म्हणून जुन्या डिस्कला लागलेल्या स्क्रूएवढ्याच लांबीचे घ्या. दोन डिस्कांच्या मध्ये एक खाच रिकामी सोडता आली तर सोडा, दोघींना हवा मिळेल.

डेटा केबलच्या एका कडेला लाल रेघ असते, ती १ नंबरच्या पिनची बाजू. बहुतेक डिस्कांवर १ नंबरची पिन वीज कनेक्टरच्या बाजूला असते. तरीही बोर्डावर छापलेला '१' शोधून खात्री करा. मदरबोर्डावर किंवा कंट्रोलर कार्डावर जिथे केबल लागते तिथेही हेच. उलटी लावली तर सहसा काही जळत नाही, पण मशीन सुरू होताना गप्प बसून राहतं. केबलची एकूण लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नको.

कनेक्टर दाबताना तो तिरका जाऊ देऊ नका. एकदा माझ्या हातून घाईत तिरका गेला आणि कडेच्या दोन पिना आडव्या झाल्या. त्या पक्कडीने सरळ करायला गेलो असतो तर मोडल्या असत्या. शिसं काढलेल्या यांत्रिक पेन्सिलचं पोकळ टोक पिनवर सरकवलं आणि हळूहळू, एका वेळी थोडीशी, अशी ती उभी केली. दोन्ही पिना वाचल्या. तेव्हापासून हत्यारांच्या डब्यात तशी एक पेन्सिल कायम असते. आणखी एक: नव्या केबलच्या कनेक्टरमध्ये मधलं एक भोक, २० व्या पिनचं, बुजवलेलं असतं. जुन्या बोर्डावर ती पिन असू शकते. केबल जात नसेल तर जोर लावू नका, आधी तिथे बघा.

वीज कनेक्टर चार वायरींचा असतो: पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, मधल्या दोन काळ्या. त्याचे दोन कोपरे तासलेले असतात म्हणून तो एकाच बाजूने जातो. मात्र वापरून झिजलेला कनेक्टर जोर लावला तर उलटाही घुसतो, आणि तसं झालं की डिस्क त्या क्षणी जळते. तासलेले कोपरे डोळ्यांनी बघूनच दाबा.

एक वळण, जे तुमच्या डिस्कवर अवलंबून आहे

पुढे जाण्यापूर्वी स्वतःला विचारा: पहिल्या डिस्कवर फक्त सी ड्राइव्ह आहे, की डी, ई असे आणखीही आहेत?

फक्त सी असेल तर सगळ्यात सुरक्षित रीत अशी. पहिल्या डिस्कची डेटा केबल आणि वीज दोन्ही काढून ठेवा. नवी डिस्क एकटी, मास्टर किंवा 'एकटी' असा जंपर लावून जोडा आणि तिचं पार्टिशन व फॉरमॅट फ्लॉपीवरून बूट करून उरका. जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जाऊ शकत नाही. एवढा भरवसा दुसऱ्या कोणत्याही खबरदारीत नाही. नंतर जंपर स्लेव्हचा करून दोघींना एका केबलवर आणा.

पहिल्या डिस्कवर एकाहून जास्त पार्टिशनं असतील तर दोन्ही डिस्का जोडूनच काम करावं लागतं. कारण लवकरच सांगतो.

बायोसला ओळख करून देणं

सेटअपमध्ये दुसऱ्या डिस्कची ओळ शोधा. अनेक जुन्या बायोसमध्ये डिस्कांना 'हार्ड डिस्क सी' आणि 'हार्ड डिस्क डी' असं लिहिलेलं असतं. यावरून गोंधळू नका. बायोसचे सी आणि डी म्हणजे पहिली आणि दुसरी डिस्क. डॉसची अक्षरं पार्टिशनांची असतात. नाव एक, अर्थ दोन.

ऑटो डिटेक्टची सोय असेल तर ती वापरा आणि मिळालेले आकडे डिस्कच्या लेबलशी पडताळून बघा. नसेल तर टाइप ४७ किंवा 'यूझर' निवडून सिलिंडर, हेड आणि सेक्टर हाताने भरा. उदाहरणार्थ ९७७ सिलिंडर, ५ हेड आणि १७ सेक्टर असतील तर ९७७ × ५ × १७ × ५१२ म्हणजे ४,२५,१९,०४० बाइट, सुमारे ४० एमबी. हा गुणाकार करून आकार जुळतो का बघणं ही चूक पकडायची चांगली युक्ती आहे. 'प्रीकॉम्प' आणि 'लँडिंग झोन' या रकान्यांची आयडीई डिस्कला पर्वा नसते.

नव्या डिस्कवर आधीचा डेटा असेल आणि तो हवा असेल, तर ज्या आकड्यांवर आणि ज्या मोडवर ती मूळ मशीनमध्ये चालत होती तेच इथे भरा. आकडे वेगळे पडले तर डिरेक्टरी कधी अर्धवट, कधी कचऱ्यासारखी दिसते. तशा अवस्थेत त्या डिस्कवर एक अक्षरही लिहू नका. स्कॅनडिस्कही चालवू नका, ते 'दुरुस्ती' करता करता सगळं मोडेल.

एएमआयच्या काही बायोसमध्ये 'हार्ड डिस्क युटिलिटी' नावाचा भाग असतो, त्यात लो-लेव्हल फॉरमॅट आहे. तो जुन्या एमएफएम डिस्कांसाठी होता. आयडीई डिस्कवर तो चालवू नका.

एफडिस्क, फॉरमॅट आणि अक्षरांचा खेळ

आता तो राहिलेला मुद्दा. डॉस अक्षरं कशी वाटतं? आधी पहिल्या डिस्कच्या प्रायमरी, म्हणजे मुख्य, पार्टिशनला सी. मग दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी असेल तर त्याला लगेच डी. त्यानंतरच पहिल्या डिस्कच्या एक्स्टेंडेड भागातले, म्हणजे पोटभाग पाडता येतील अशा पार्टिशनमधले, लॉजिकल ड्राइव्ह (हेच ते पोटभाग), आणि शेवटी दुसऱ्या डिस्कचे लॉजिकल ड्राइव्ह.

याचा परिणाम प्रत्यक्षात असा. समजा पहिल्या डिस्कवर सी आणि डी आहेत, आणि डीमध्ये तुमची सगळी पत्रं. दुसरी डिस्क लावून तिच्यावर प्रायमरी पार्टिशन केलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं, की तुमची पत्रं ई वर गेली. नवी कोरी डिस्क डी झाली. आता सवयीने, किंवा जुन्या बॅच फाइलमधून, कुणी डीवर काही केलं तर ते भलत्याच जागी होतं. उलटही घडतं. माझ्या पहिल्या वेळी मी 'नवी म्हणजे शेवटची' असं गृहीत धरून फॉरमॅट ई: टाइप केलं होतं. एंटर दाबण्याआधी 'डिर ई:' करून बघायची बुद्धी झाली आणि पडद्यावर माझीच वर्षभराची कामं दिसली. हात गार पडले होते.

म्हणून पहिल्या डिस्कवर अनेक पार्टिशनं असतील तर दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी करूच नका. सगळी जागा एक्स्टेंडेडला द्या आणि त्यात लॉजिकल ड्राइव्ह करा. मग नवीन अक्षरं जुन्यांच्या मागे रांगेत उभी राहतात, जुनी हलत नाहीत. एफडिस्क पहिल्या डिस्कवर प्रायमरीशिवाय एक्स्टेंडेड करू देत नाही, दुसऱ्या डिस्कवर देतो. दोन्ही डिस्का जोडून काम करायला सांगितलं ते यासाठीच.

दोन्ही डिस्का जोडलेल्या असतील तर एफडिस्क सुरू केल्यावर मेनूत पाचवा पर्याय दिसला पाहिजे, चालू डिस्क बदलण्याचा. तो दोन डिस्का सापडल्या तरच येतो. पाच दाबा, २ निवडा, आणि वरच्या ओळीत चालू डिस्कचा आकडा २ झाला हे मोठ्याने वाचा. मग चौथ्या पर्यायाने डिस्कची माहिती बघा आणि आकार नव्या डिस्कचाच आहे याची खात्री करा. त्यानंतरच पहिल्या पर्यायातून पार्टिशन करा. एक्स्टेंडेड केल्यावर एस्केप दाबलं की एफडिस्क लॉजिकल ड्राइव्हचा आकार विचारतो. डिस्कला अ‍ॅक्टिव्ह करायच्या भानगडीत पडू नका, बूट पहिल्याच डिस्कवरून होणार आहे.

मशीन पुन्हा सुरू करा. आता प्रत्येक अक्षरावर 'डिर' करून बघा. ज्या अक्षरावर फॉरमॅट नसल्याची तक्रार येईल, 'इनव्हॅलिड मीडिया टाइप' असा संदेश येईल, तीच नवी डिस्क. त्याच अक्षराला फॉरमॅट करा, '/एस' न लावता. शेवटी लेबल विचारलं जातं तेव्हा ओळखीचं नाव द्या, 'दुसरी' एवढं दिलं तरी पुरे. त्यानंतर स्कॅनडिस्कने पूर्ण पृष्ठभागाची तपासणी करा. जुन्या डिस्कवर थोडे खराब सेक्टर निघणं वावगं नाही. पण आठवड्याने पुन्हा तपासा, संख्या वाढत असेल तर त्या डिस्कवर महत्त्वाचं ठेवू नका.

सीडी ड्राइव्ह असेल तर त्याचं अक्षर पुढे सरकलेलं असेल. सीडीवरून चालणारे खेळ जुनं अक्षर शोधत बसतात. ऑटोएक्झेक फाइलमध्ये एमएससीडीईएक्सच्या (सीडीला अक्षर देणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत '/एल:' लावून सीडीला हवं ते अक्षर देता येतं. ते अक्षर दूरचं असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये 'लास्टड्राइव्ह' वाढवा.

दिसत नसेल तर

मशीन सुरू होताना अर्धा मिनिट थांबून मग डिस्क एरर देत असेल, तर मास्टर स्लेव्हच्या उत्तराची वाट बघत असण्याची शक्यता जास्त. जंपर पुन्हा बघा, विशेषतः जुन्या डिस्कचा. काहीच हालचाल नसेल आणि नवी डिस्क फिरतही नसेल, तर वीज कनेक्टर बदलून बघा. दोन्ही डिस्का एकेकट्या चालतात पण एकत्र चालत नाहीत, असं १९९४ च्या आधीच्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्कांबाबत खरंच होतं. त्या काळी सगळ्यांनी पाळावं असं एक पक्कं प्रमाण नव्हतं, आणि दोन डिस्कांनी एकमेकींशी कसं बोलायचं याच्या रीती जुळत नसत. यावर खात्रीचा उपाय म्हणजे दुसरी डिस्क दुसऱ्या कनेक्टरवर मास्टर म्हणून लावणं. बोर्डावर दुसरा कनेक्टर नसेल, किंवा असूनही जुना बायोस तिकडची डिस्क ओळखत नसेल, तर एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस हा मोफत प्रोग्राम नेटवर्क कार्डाच्या बूट रॉमच्या खोबणीत चिप बसवून वापरता येतो. दुसरा कनेक्टर त्यासाठी वेगळ्या आयडीई कार्डावर मिळतो. तो ५०४ एमबीची भिंतही ओलांडतो. नवख्याने पहिल्याच दिवशी तिथे जायची गरज नाही, पण वाट आहे हे माहीत असू द्या.

दोन्ही डिस्का फिरतात पण अधूनमधून मशीन आपोआप रीसेट होतं, तर संशय पॉवर सप्लायवर घ्या. डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टच्या वायरीवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भार येतो आणि आता तो दुप्पट झाला आहे.

सगळं नीट दिसलं की जुन्या डिस्कवरच्या फाइली लगेच हलवू नका. कॉपी करा. 'एक्सकॉपी' पुढे '/एस /ई' लावलं की आतल्या सगळ्या डिरेक्टऱ्या जातात, पण लपवलेल्या फाइली ती कमांड वगळते, त्यांची खूण 'अ‍ॅट्रिब' ने आधी काढावी लागते. दोन आठवडे दोन्हीकडे ठेवा, मग जागा मोकळी करा.

कॅबिनेटचं झाकण लावण्यापूर्वी एका कागदावर दोन्ही डिस्कांचे सिलिंडर, हेड, सेक्टर, मोड आणि जंपरची चित्रं लिहा, तारीख टाका आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.